वाजणारी बोट

टकटक मिस्त्रीचं खरं नाव काय, हे पोस्टमन सोडला तर कुणाला सांगता यायचं नाही. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. बसवून झाल्या की गुडघ्यांवर बसायचं, कान खाली न्यायचा आणि लाकडी ठोकळ्यानं एकेक फरशी वाजवून बघायची. जी ‘ठस्स’ बोलली ती पास. जी ‘टण्’ करून वाजली तिच्याखाली हवा राहिली, सिमेंट पोचलं नाही. ती उचलायची आणि पुन्हा बसवायची, मग घरमालक ‘राहू द्या हो’ म्हणत हात जोडो नाहीतर पाय धरो. या ठोकण्यावरून त्याचं नाव पडलं आणि या ठोकण्यानंच त्याचं नाव झालं. कामाचा माणूस होता, यात वादच नाही. पण एकदा कान खरा निघाला की माणसाला वाटायला लागतं, हा कान जगातल्या सगळ्याच वस्तूंना लागू आहे. मिस्त्री कलिंगडं ठोकायचा, दारं ठोकायचा, दुकानात मांडलेली कपाटं ठोकायचा, आणि ठोकल्याबरोबर निकाल द्यायचा. माणसांच्या बाबतीतही तीच तऱ्हा. समोरच्यानं चार शब्द काढले की पुढचे चार हा स्वतःच बोलून मोकळा व्हायचा.

आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे मिस्त्री घरीच होता, आणि गेले तीन महिने त्यानं एकच धोशा लावला होता. बोट घ्यायची. नवी नाही, नवीचा विचार करण्यासारखी परिस्थिती नव्हती. वापरलेली चालेल, पण सेंटर कन्सोलच पाहिजे. या बोटीत सुकाणूचं चाक मधोमध असतं, कमरेच्या जरा वर येणाऱ्या एका उभ्या पेटीवर बसवलेलं. पेटीच्या चारी बाजूंनी चालायला मोकळी वाट. बोट उभ्यानं चालवायची, आणि मासा ज्या बाजूला ओढेल त्या बाजूला गळाची काठी घेऊन फिरायचं. वाटेत फळी नाही, बाक नाही, कसलाच अडथळा नाही.

ही जी फळी नाही, ती मिस्त्रीसाठी सगळ्यांत मोठी गोष्ट होती. का ते सांगतो.

खालच्या मजल्यावर त्याचा थोरला भाऊ राहायचा. जातिवंत सुतार, गावभर त्याला दादाच म्हणत. दादा आणि वहिनी खाली, मिस्त्री आणि त्याची बायको वर. दोघे भाऊ तीस वर्षं दर रविवारी तळ्यावर मासे धरायला जायचे, एका जुन्या वल्ह्यांच्या होडीतून. होडी इतकी अरुंद की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे, हा या टोकाला, तो त्या टोकाला, आणि मध्ये तीन आडव्या फळ्या. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी, ऊन नुकतं वर आलेलं असताना, दादाची काठी होडीच्या कडेवरून सरपटत आली आणि मिस्त्रीच्या पायांत येऊन अडकली. मिस्त्रीचा हातातोंडाशी आलेला मासा नुकताच सुटला होता, डोकं आधीच तापलेलं. मागं वळूनही न बघता तो ओरडला, "झोपलास काय? हात मोडले का तुझे?"

उत्तर आलं नाही. वळून बघतो तर दादाचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डावा हात पाण्यात लोंबत असलेला. तीन फळ्या ओलांडायच्या होत्या. मधल्या फळीवर नेमका गुडघा धरला, पायांत काठी, काठीचा दोरा पोटरीला. त्यानं ती काठी उपसून पाण्यात भिरकावून दिली, तरी पोचेपर्यंत आयुष्य गेल्यासारखं वाटलं. दवाखान्यात म्हणाले, वेळेत आणलंत. मिस्त्रीला ते ऐकूच गेलं नाही. त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता, हात मोडले का तुझे. हे वाक्य आपण बोललो होतो, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दादा वाचला. डावा हात गेला, डावा पाय अर्धामुर्धा परत आला. शब्दही आले, पण एकेक करून, आणि दोन शब्दांच्या मध्ये इतकी वाट बघावी लागे की घरच्यांना धीर धरवत नसे. दादा ‘मला’ म्हणाला की वहिनी ‘चहा’ म्हणायची. निम्म्या वेळा तो अंदाज बरोबर निघे, उरलेल्या वेळा दादा मुकाट्यानं चहा पिऊन टाकी. मिस्त्री तर या बाबतीत सगळ्यांचा गुरू. त्यातून दादा कधी ‘त्या दिवशी…’ असं म्हणाला की मिस्त्रीला वाटे, आता हा म्हणणार, तू माझ्यावर ओरडलास. मग तो घाईघाईनं, "हो हो, त्या दिवशी थोडक्यात वाचलास," असं म्हणून उठे आणि पंखा लाव, खिडकी उघड, असलं काहीतरी काढी. दादा तोंड मिटून घेई. असं सात-आठ वेळा झालं आणि मग दादानं बोलायचंच कमी केलं. शर्ट कुठला, भाजी कुठली, खुर्ची कुठं ठेवायची, सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं आणि यानं मान डोलवायची. दिवसभर खिडकीशी बसून राही. तळ्याचं नावही काढत नसे.

मिस्त्रीला ते बघवत नव्हतं. हा माणूस असाच बसून राहिला तर आपण त्याला त्या होडीतून अजून बाहेर काढलेलंच नाही, असं त्याला वाटायचं. दादाला पुन्हा पाण्यावर न्यायचंच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धरायला दांडी पाहिजे आणि पायात येण्यासारखं काही नको. एकदा पडले तर पुन्हा खुर्ची सोडायचे नाहीत, हे लक्षात ठेवा.

झालं. मिस्त्री कामाला लागला. दादाचा उजवा हात धड होता, म्हणजे दादाला पेटीची दांडी नेहमी उजव्या हाताला हवी. मागून निघाला की पेटी उजवीकडे ठेवून पुढं जायचं, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत यायचं, तेव्हाही पेटी उजवीकडेच. म्हणजे वाट दोन्ही बाजूंना हवी आणि दोन्हीकडे पुरेशी रुंद हवी. किती रुंद? मिस्त्रीनं एका दुपारी दादा खुर्चीत पेंगत असताना टेप काढली आणि त्याची खांद्यांपासून कमरेपर्यंत मापं घेतली. वहिनी आतून पदराला हात पुसत आली आणि ते दृश्य बघून तरातरा पुढं आली. भावजी, जिवंत माणसाची अशी मापं घेतात का, म्हणून तिनं त्याला फैलावर घेतलं. मिस्त्रीनं ओठांवर बोट ठेवून कागदावर लिहिलं, वीस इंच. दादानं एक डोळा उघडून सगळं बघितलं आणि परत मिटला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मग तो तरी कशाला बोलतोय.

पहिली बोट बघितली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. सतरा फुटी, शेडमध्ये ठेवलेली, आणि कधी खाऱ्या पाण्यात न गेलेली. गोड्या पाण्यातली बोट इंजिनाला जपते, हे मिस्त्रीनं चौकशी करकरून शिकून घेतलं होतं. बाईंनी इंजिन चालू करून दाखवलं, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट बाहेर पडत होती. तेल बघितलं, स्वच्छ. वाट मोजली, दोन्हीकडे बावीस इंच. पेटीला चारी बाजूंनी स्टीलची दांडी. बोलाफुलाला गाठ पडावी तसं सगळं जमलं होतं, आणि मग मिस्त्रीनं पिशवीतून ठोकळा काढला. नाकापासून शेपटापर्यंत ठोकत गेला. टण्, टण्, टण्. जिथं ठोकावं तिथं टण्.

त्याचा चेहरा पडला. बाई, बोट पोकळ आहे तुमची, असं त्यानं सांगून टाकलं, आणि वर चाळीस वर्षांचा अनुभवही ऐकवला. बाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आम्हीसुद्धा ठोकून बघतो, पण ठोकून झालं की पेशंटला विचारतो, कसं वाटतंय. मिस्त्रीला हा विनोद वाटला, म्हणून तो हसला. मग बाईंनी विचारलं, बोट कुणासाठी. भावासाठी, त्यानं सांगितलं. मग ते आले नाहीत? मिस्त्री म्हणाला, त्याला कशाला उगाच त्रास.

दुसरी बोट एका बेकरीवाल्याची. सेंटर कन्सोल म्हणून सांगितलं होतं, पण दुरून डोंगर साजरे. मालकानं शीतपेटी बसवायला पेटी एका अंगाला सरकवलेली, आणि त्या अंगाला वाट उरली नऊ इंच. यातून तुमचा पाव जाईल, माणूस जायचा नाही, असं सांगून मिस्त्री परत फिरला. ठोकायचीसुद्धा गरज पडली नाही.

तिसरी बोट होती भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांची. अंगणात झाडाखाली ताडपत्री घालून ठेवलेली, वर्षभरापूर्वी रंगवलेली, दिसायला देखणी. वाट एकवीस इंच. मास्तर सरळ माणूस, जे माहीत ते सांगितलं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणाले. मिस्त्रीनं ठोकायला सुरुवात केली. पुढचा भाग जरासा वाजला, पण पुढं कसला भार नसतो, ते चालतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मागं आला. जिथं इंजिन टांगतात ती मागची भिंत ठोकली आणि त्याच्या कानाला गोड लागलं. ठस्स. शेजारी ठोकलं, ठस्स. मागच्या निम्म्या जमिनीवर ठोकलं, तिथंही ठस्स. आयुष्यात इतकं भरीव काम त्यानं स्वतःही क्वचितच केलं असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं होतं. त्यानं तिथल्या तिथं मास्तरांना शब्द दिला, रविवारी भावाला दाखवतो आणि घेऊन जातो. दाखवतो म्हणाला. विचारतो म्हणाला नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला ठस्स कसं वाजलं ते टेबलावर ठोकून ऐकवलं. ती म्हणाली, बोट चांगली असेल तर पाण्यात दिसेलच, माझं टेबल सोडा.

रविवारी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. दादा पुढं, वहिनी मागं, मिस्त्री चालवायला. कुठं चाललोय ते दादाला सांगितलं नव्हतं. अंगणात उतरल्यावर मास्तरांनी ताडपत्री ओढली आणि दादा बोटीकडे बघत उभा राहिला. वर्षभरात त्यानं कुठल्या गोष्टीकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मिस्त्रीचं काळीज सुपाएवढं झालं.

दादा काठी टेकत मागच्या बाजूला गेला. काठी बोटीला टेकवून ठेवली आणि उजव्या हाताचा पंजा मागच्या भिंतीवर ठेवला.

"ही…" दादा म्हणाला.

पसंत पडली ना, मिस्त्री म्हणाला. मला माहीतच होतं.

"ही बोट…"

दणकट आहे, बरोबर, मिस्त्री म्हणाला, आणि ठोकळा काढून भिंतीवर आपटला. ठस्स. ऐकलंस? असा आवाज आणून दाखवा म्हणावं कुणी.

दादानं भावाकडे बघितलं. मग हात पुढं केला आणि मिस्त्रीच्या मुठीतून ठोकळा काढून घेतला. वर्षभर या माणसाच्या हातात लोक वस्तू देत होते, पेला, चमचा, काठी. त्यानं स्वतःहून कुणाच्या हातातलं काही घेतलं नव्हतं. वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

दादा बोटीच्या कडेला कंबर टेकत पुढं गेला. पुढं ठोकलं, टण्. मध्ये ठोकलं, टण्. मागं आला, ठस्स. पुन्हा एकदा, ठस्स. मग त्यानं ठोकळा खिशात टाकला आणि मास्तरांकडे बघून मनगट गोल फिरवलं. मास्तर चाळीस वर्षं मुलांच्या खाणाखुणा ओळखत आलेले, ते पळत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. भिंतीच्या अगदी खाली एक पट्टी होती, तिचा एक स्क्रू दादानं पिळायला घेतला. मिस्त्री मदतीला वाकला तर दादानं कोपरानं त्याला बाजूला सारलं. स्क्रूनं काहीच प्रतिकार केला नाही. लोण्यातून निघावा तसा निघाला, आणि त्या भोकातून तपकिरी पाणी वाहायला लागलं. थेंब थेंब नाही, बारीक धार. वास असा आला की वहिनीनं पदर नाकाला लावला. आणि ते पाणी थांबेचना.

"कुजलंय," दादा म्हणाला.

या वाक्याला पुढं काही जोडायची कुणाची छाती झाली नाही. दादा एका हातानं स्क्रू धरून उभा राहिला आणि सगळे गप्प बसलेत असं बघून त्यानं पुढचं काढलं, सावकाश, एकेक शब्द.

"आत… लाकूड असतं. फायबरच्या… आत. कोरडं असलं… तर वाजतं." त्यानं दम घेतला. "भिजलं… की गप्प."

मास्तर मटकन पायरीवर बसले. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. रंग देणाऱ्यानंही काही सांगितलं नव्हतं, आणि ते स्वतः दोन वर्षं पाण्यावर गेलेच नव्हते. या भिंतीवर इंजिन टांगून भर तळ्यात वेग घेतला असता तर भिंतीसकट इंजिन तळाशी गेलं असतं, आणि वरचा माणूस कुठं गेला असता ते सांगायला नको. चूक त्यांची नव्हती, पण त्यांनी पुनःपुन्हा माफी मागितली.

मिस्त्री मात्र त्या धारेकडेच बघत राहिला होता. फरशी वाजली म्हणजे वाईट, हे चाळीस वर्षांत त्याच्या हाडात मुरलं होतं. लाकडाचं उलटं असतं, हे त्याला सुतार भाऊ असून कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. गर्वाचं घर खाली म्हणतात, याचं तर पार तळघरात गेलं. दादाला पडायला नको म्हणून इंच इंच मोजलं, आणि शेवटी त्याला कुजक्या बोटीत उभं करायला निघालो होतो. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात त्याला एक आवाज ऐकू आला. दादा हसत होता. अर्धंच तोंड हसत होतं, पण खांदे दोन्ही हलत होते. फरशीवाला, असं तो कसाबसा म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. वहिनी नवऱ्याकडे बघता बघता रडायला लागली आणि मग तीही हसली. ज्याची फजिती झाली होती तो शेवटी हसला, पण हसला.

हसणं ओसरल्यावर दादानं विचारलं, "वाजणारी… बघितलीस? कुठली?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि त्याला डॉक्टरीणबाई आठवल्या. बोट पोकळ आहे तुमची. चाळीस वर्षांचा अनुभव. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. पण सांगणं भाग होतं, म्हणून त्यानं सगळं सांगितलं, बावीस इंच, स्टीलची दांडी, स्वच्छ तेल, आणि जिथं ठोकावं तिथं टण्. दादा काठी उचलून गाडीकडे चालायला लागला.

बाईंनी दार उघडलं तेव्हा मिस्त्री आधी स्वतःच्या चपलांशी बोलला, मग बाईंशी. झालं ते सगळं खरंखरं सांगितलं. बोट अजून विकली गेली नव्हती. बाईंनी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही. त्या दादाला शेडमध्ये घेऊन गेल्या आणि विचारलं, तुम्हाला कशी वाटते. आणि मग थांबल्या. नुसत्या थांबल्या. रुमालानं पेटीवरची धूळ पुसत, कसलीही घाई न करता. त्यांच्या धंद्यात समोरच्याचं निम्मं तोंड बधिरच असतं, त्याचं बोलणं येईपर्यंत वाट बघायची त्यांना सवय होती. मिस्त्रीच्या जिभेवर तीन उत्तरं येऊन गेली, ती त्यानं गिळली. वहिनीनं त्याचा शर्ट मागून धरून ठेवला होता, कदाचित स्वतःलाच आवरायला.

दादा शिडीवरून चढला, चार पायऱ्या चढायला पाच मिनिटं लागली. उजवा हात दांडीवर ठेवून पुढं गेला, वळसा घालून परत आला. ठोकळा काढला आणि मागची भिंत ठोकली. टण्. पेटीच्या मागचं गुबगुबीत आसन बघून त्यानं मान हलवली.

"हे… काढा. मी… उभा राहणार."

आणखी काही? बाईंनी विचारलं.

"बाकी… घेऊ," दादा म्हणाला.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दोघे भाऊ तळ्यावर होते. धक्क्यावरून वहिनीनं दोघांना सतरा सूचना दिल्या, त्यांतल्या सोळा मिस्त्रीला होत्या. चाक दादाच्या उजव्या हातात. वेगाचा दांडा ओढायलाही उजवाच हात लागतो, तेव्हा ते काम मिस्त्रीकडे. दोघांत मिळून तीन हात झाले, आणि पाय किती ते न मोजलेलंच बरं. दादा हनुवटीनं खूण करी, हळू, आणखी हळू, आणि मिस्त्री दांडा मागं घेई. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, वेताच्या बेटाजवळ, त्यांनी इंजिन बंद करून नांगर टाकला. ही त्यांची जुनीच जागा. वर्षभरापूर्वीही ते इथंच होते. मिस्त्रीला ते लक्षात आलं होतं, पण जागा दादानं निवडली होती.

काठ्या रोवायला कडेला भोकं होती. काठी भोकात उभी केली की दोरा गुंडाळायची चरखी फिरवायला एक हात पुरतो. दादानं आपली काठी लावली आणि दांडी धरून बोटीत एक फेरी मारली, मग उगाचच दुसरी मारली. किती प्रदक्षिणा घालणार, मिस्त्रीनं विचारलं. दादा तिसरी मारून पेटीला टेकून उभा राहिला. पाणी बोटीच्या पोटाला लागून चुळुक चुळुक करत होतं. दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे तोंड करून मासे धरत होते.

"त्या दिवशी…" दादा म्हणाला.

मिस्त्रीचे हात आपोआप काहीतरी शोधायला लागले. बोटीत पंखा नव्हता, खिडकी नव्हती, उठून जायला जिना नव्हता. हो हो, त्या दिवशी, इथपर्यंत शब्द ओठांवर आले. मग त्याला ते तपकिरी पाणी आठवलं. त्यानं ओठ मिटले, बोटीच्या कडेवर टेकून दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि भावाच्या तोंडाकडे बघत बसला. येऊ दे काय यायचं ते. म्हणू दे, तू ओरडलास म्हणून. वर्षभर अडवून धरलेलं एकदाचं येऊ दे.

"माझ्या… काठीला…"

मिस्त्री गप्प.

"मोठा… लागला होता."

बेटावरून एक पक्षी उडाला, त्याच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

"तू… काठी फेकलीस. पाण्यात." दादानं दम घेतला. त्याचा चेहरा गंभीर होता, वर्षभर पोटात ठेवलेली तक्रार मांडताना असावा तसा. "माशासकट."

मिस्त्रीला हे समजायला वेळ लागला. काठी सरपटत आली होती ती दादाच्या हातून नुसती सुटली म्हणून नाही, तिला कुणीतरी ओढत होतं म्हणून. एवढंच सांगायचं होतं तुला, त्यानं विचारलं. वर्षभर? दादानं मान डोलवली. "कुणी… बोलूच देईना," तो म्हणाला.

आता बोललो नाही तर आपण माणूस नाही, असं मिस्त्रीला वाटलं. "दादा, मी तुझ्यावर ओरडलो होतो," तो म्हणाला. "तू तसा पडलेला आणि मी म्हणालो, हात मोडले का तुझे." पुढचं त्याला बोलता येईना. दादानं त्याचं वाक्य पुरं केलं नाही. तो थांबला, भावाला हवा तेवढा वेळ दिला, आणि मग थोडा विचार करून म्हणाला, "तू… रोजच ओरडतोस."

मिस्त्रीनं बाहीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि विचारलं, "केवढा होता?"

दादानं पेटीला कंबर टेकवून तोल सावरला आणि उजवा हात हवेत उभा धरला, पंजा आतल्या बाजूला करून. मग तो थांबला. माशाचं माप दाखवायला दोन हात लागतात. मिस्त्री उठला, त्याच्या समोर गेला आणि आपला हात त्या पंज्यासमोर वीतभर अंतरावर धरला.

दादानं मान हलवली, नाही.

मिस्त्रीनं हात आणखी लांब नेला. दादाची मान हललीच. आणखी लांब. पुन्हा नाही. हात पुरेना, तेव्हा मिस्त्री एक पाऊल मागं सरकला. मागं फळी नव्हती. मग आणखी एक पाऊल सरकला, आणि दादाची मान अजून हलतच होती.